फ्रँचायझी मोड तिसऱ्या सीझनच्या पुढे न्यायचा असेल तर

'एमएलबी द शो' या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये फ्रँचायझी, म्हणजे एक संघ वर्षानुवर्षं चालवण्याचा मोड, सुरू करणारे पुष्कळ, चौथा सीझन पाहिलेले मोजके. पहिला सीझन हौसेत जातो. दुसऱ्यात संघ जिंकायला लागतो, तिसऱ्यात जिंकण्याचं काही वाटेनासं होतं, आणि मग सेव्ह फाइल उघडायचीच राहते. यावर बहुतेक जण एकच औषध सांगतात: डिफिकल्टी वाढवा. त्यानं हरणं वाढतं, रंगत वाढेलच असं नाही. खरी अडचण संगणक कच्चा असण्यात नाही, तुमच्या हातात नको तितके अधिकार असण्यात आहे. मालक तुम्हीच, जनरल मॅनेजर तुम्हीच, डगआऊटमधला मॅनेजर तुम्हीच, बॉल टाकणारे आणि मारणारेही तुम्हीच. वर निकाल आवडला नाही तर जुना सेव्ह उघडून काळ मागे फिरवणारेही तुम्हीच. एवढी सत्ता असल्यावर कुठलाही खेळ महिनाभरात मरतो.

म्हणून खालची सगळी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे: संगणकाची ताकद वाढवण्याआधी स्वतःचे अधिकार कमी करा.

उदाहरणासाठी मी सगळीकडे अमेरिकेच्या मेजर लीगमधला पिट्सबर्ग पायरेट्स हा संघ घेतलाय, का ते पुढे येईलच. 'द शो' प्लेस्टेशनवर वाढलेला गेम. २०२१ पासून एक्सबॉक्सवर आणि २०२२ पासून निन्टेन्डो स्विचवरही आला, पीसीवर मात्र नाही. पीसीवाल्यांनी 'आऊट ऑफ द पार्क बेसबॉल' घ्यावा. त्यात बॅट हातात मिळत नाही, पण संघ चालवण्याचा भाग 'द शो'पेक्षा कितीतरी खोल आहे आणि इथले बहुतेक नियम तिथेही लागू पडतात. मेनूंची नावं आणि जागा दरवर्षी थोड्या बदलतात, तेवढं सांभाळून घ्या.

संघ निवडताना तारे मोजू नका, अडचण शोधा

डॉजर्स किंवा यँकीज घेऊन फ्रँचायझी सुरू करायला कुणाची बंदी नाही. पण तिथे तुम्हाला सोडवायला काय उरतं? सगळ्यात वाईट संघ घेणं हाही वाटतो तितका चांगला पर्याय नाही. शिकागो व्हाइट सॉक्सनी २०२४ मध्ये १२१ सामने हरून आधुनिक काळातला विक्रम केला. अशा संघात सगळंच मोडलेलं असतं, त्यामुळे काहीही केलं तरी सुधारणाच दिसते. मजा येते ती अर्धवट संघात, जिथे एक गोष्ट झकास आहे, एक गोष्ट भयानक आहे आणि पैसा नाही.

पायरेट्स नेमके असे आहेत. २०२५चा हंगाम बघा. त्यांचा पिचर (बॉल टाकणारा) पॉल स्कीन्स याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा, १.९७. मेजर लीगच्या दोन भागांपैकी नॅशनल लीगमधला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमतानं त्याला. आणि त्याची जय-पराजयाची नोंद? १०-१०. कारण त्या वर्षी मेजर लीगमध्ये सर्वांत कमी धावा पायरेट्सनी केल्या. या संघानं १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं त्यांनी जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त. स्टेडियम मात्र असं की बघत राहावं: ॲलेगेनी नदीकाठचं पीएनसी पार्क, उजव्या फील्डची भिंत २१ फूट उंच, कारण क्लबचा दिग्गज खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे याचा नंबर २१ होता.

संघ निवडला की कागदावर एका वाक्यात अडचण लिहा. माझं वाक्य असं असतं: 'स्कीन्स जायच्या आत त्याला धावा करून देणारा संघ उभा करायचा, रेनॉल्ड्सच्या करारापेक्षा मोठा करार न करता.' यात मुदत आहे आणि मर्यादाही आहे. ब्रायन रेनॉल्ड्सचा २०२३ मधला ८ वर्षांचा, १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरचा करार हा क्लबच्या इतिहासातला १० कोटींवरचा पहिला करार. शेजारी ठेवून बघा: हुआन सोटोला मेट्सनी २०२४च्या डिसेंबरमध्ये १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर कबूल केले. बेसबॉलमध्ये पगारावर पक्की कमाल मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलात तर फक्त कर भरावा लागतो. त्यामुळे गरीब संघाची गरिबी इथे खरीखुरी असते.

मुदतीचा हिशेब असा. खेळाडूला मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर फ्री एजंट होता येतं, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करता येतो. पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास आणि पुढची तीन लवादानं ठरणाऱ्या वाढत्या पगारावर जातात. स्कीन्स २०२४च्या मे महिन्यात वर आला, पण सर्वोत्तम नवोदित ठरल्यामुळे त्याला ते अख्खं वर्ष धरून मिळालं. म्हणजे २०२९चा हंगाम संपला की तो मोकळा. तुमच्या फ्रँचायझीला आयतीच एक गोष्ट मिळाली, तीही खऱ्या नियमांतून आलेली.

एकच खुर्ची धरा

सुरुवातीलाच ठरवा, तुम्ही नक्की कोण? तीन भूमिका आहेत आणि तिन्ही एकदम घेऊ नयेत.

जनरल मॅनेजर झालात तर संघ बांधायचा, लाइनअप (कोण खेळणार, कोणत्या क्रमानं) लावायची नाही. ती संगणकाच्या मॅनेजरवर सोडून द्या. तुम्ही मोठ्या आशेनं आणलेला फर्स्ट बेसमन तो बेंचवर बसवेल आणि तुमचा जळफळाट होईल. होऊ द्या. खऱ्या जनरल मॅनेजरचाही होतो.

मॅनेजर झालात तर उलटं. ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल), करार, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) सगळं स्वयंचलित. आहे त्या २६ जणांत संसार करायचा. बुलपेन (राखीव पिचर) कधी उठवायचा, थकलेल्या कॅचरला कोणत्या दिवशी विश्रांती द्यायची, डावखुऱ्या पिचरसमोर कुणाला खाली बसवायचं, एवढंच तुमचं जग. ज्यांना रोज अर्धा तासच मिळतो त्यांनी हीच खुर्ची घ्यावी असं माझं मत आहे.

तिसरी भूमिका स्वतः मैदानात खेळण्याची. इथे बॅटिंग आणि पिचिंग तुमच्या हातात असतं, पण ऑफिसचं काम कमीत कमी ठेवायचं.

दोन खुर्च्या एकत्र करायच्या असतील तर जनरल मॅनेजर आणि मैदान ही जोडी चालते, अट एकच: मैदानावर उतरायचे सामने आधी ठरलेले हवेत. हरायला लागलो म्हणून उतरलो, असं नाही.

१६२ सामने खेळायचेच नाहीत

नऊ इनिंगचा एक सामना खेळायला साधारण ४५ मिनिटं धरा. १६२ सामन्यांचे १२१ तास झाले, एका सीझनचे. नोकरी, घर, लोकलचा प्रवास सांभाळून हे जमवणारा माणूस जूनपर्यंत पोचतो आणि तिथेच थांबतो. मग सगळं सिम करणारा, म्हणजे सामने संगणकाकडून खेळवून घेणारा माणूस? तो एका रविवारी चार सीझन संपवतो आणि त्यातलं काहीच त्याच्या लक्षात राहत नाही. मधला मार्ग आधी ठरवून घ्यावा लागतो.

मला सगळ्यात जास्त पटलेली पद्धत: एका पिचरचे सामने. आळीपाळीनं सामने सुरू करणाऱ्या पाच पिचरांच्या रोटेशनमध्ये एकाच्या वाट्याला वर्षाला ३२च्या आसपास सामने येतात. २०२५ मध्ये स्कीन्सनंही ३२च सुरू केले. फक्त ते खेळायचे, बाकी सिम. सीझन २४ तासांत बसतो, म्हणजे रोज एक सामना खेळलात तर महिनाभर. शिवाय समोरचे संघ, मैदानं, ऋतू सगळं आपोआप बदलत जातं. एप्रिलमध्ये थंडीत शिकागोला, जुलैत डेन्व्हरच्या उंचीवर, जिथे कर्व्हबॉल नीट वळत नाही आणि बॉल मात्र लांब उडतो.

याला एक खोट आहे. तुम्ही नेहमी आपल्या सर्वोत्तम पिचरसोबतच खेळता, त्यामुळे सामने सोपे जातात. उपाय असा की दरवर्षी पिचर बदला. या वर्षी स्कीन्स, पुढच्या वर्षी रोटेशनमधला चौथा. चौथ्या पिचरबरोबर काढलेलं वर्ष जास्त शिकवतं. ९२ मैलांचा फास्टबॉल घेऊन बॅटरला फसवायचं म्हणजे प्रत्येक पिचचा विचार करावा लागतो.

दुसरी पद्धत महिन्याला एक मालिका. सहा महिने, प्रत्येकी तीन सामने, वर्षाला १८. कमी वेळ असणाऱ्यांनी ही घ्यावी आणि मालिका महिन्याच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर निवडून ठेवावी.

दोन्ही पद्धतींत 'क्विक काउंट्स' नावाची सोय वापरून पाहा. त्यात प्रत्येक बॅटरचा काउंट (बॉल-स्ट्राइकची मोजणी) शून्यापासून न सुरू होता मधूनच सुरू होतो, सामना बराच लवकर संपतो आणि पिचरचे पिचेसही खऱ्यासारखे मोजले जातात. शुद्धतावादी नाक मुरडतात. मुरडू देत.

सिम करताना एक पथ्य: आठवड्याच्या वर एकदम सिम करू नका. दर सोमवारी थांबा, तक्ता बघा, दुखापती बघा, एक-दोन बॉक्स स्कोअर (सामन्याचे आकड्यांचे तक्ते) उघडा. जुलैअखेरची ट्रेडची मुदत, सप्टेंबर आणि प्लेऑफ यांना सिमचं बटण लावायचंच नाही.

स्लायडर: इथे थोडा वेळ घाला

डिफिकल्टी आणि स्लायडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुष्कळांना माहीत नसतं. डिफिकल्टीनं तुमच्या हाताची परीक्षा होते: पिच किती वेगानं येतो, टायमिंगला किती सूट मिळते. स्लायडरनं खेळाचं जग ठरतं: किती वॉक (झोनबाहेरचे चार बॉल सोडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस), किती फाउल, किती चुका, किती दुखापती. शून्य ते दहा अशी पट्टी असते आणि सगळे पाचावर सुरू होतात.

पहिली पायरी, डिफिकल्टी ठरवणे. बॅटिंगची आणि पिचिंगची वेगवेगळी ठेवता येते, तशीच ठेवा. बहुतेकांचा एक हात दुसऱ्यापेक्षा बराच बरा असतो. पातळी माहीत नसेल तर 'डायनॅमिक' लावून काही मैत्रीपूर्ण सामने खेळा. ती तुमच्या कामगिरीनुसार वरखाली होते आणि काही सामन्यांनंतर एका जागी स्थिरावते. ती पातळी टिपून घ्या, डायनॅमिक बंद करा आणि तीच कायम करा. फ्रँचायझीत डायनॅमिक चालू ठेवू नये. नाहीतर मे महिन्यातला होम रन आणि सप्टेंबरमधला होम रन यांची किंमत एक राहत नाही.

दुसरी पायरी, लक्ष्य. कशाशी जुळवायचं? २०२४ मध्ये मेजर लीगची सरासरी बॅटिंग .२४३ होती आणि एक संघ सामन्याला सरासरी ४.३९ धावा करत होता. एका संघाचे दर सामन्याला आठ-साडेआठ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि तीनेक वॉक, हे आजच्या बेसबॉलचं ढोबळ माप. वहीत दोन रकाने करा, तुमचा संघ आणि समोरचा, आणि दहा सामन्यांची बेरीज ठेवा.

बहुतेक घरांत पहिली तफावत दिसते ती वॉकमध्ये. आपण बॉल सतत स्ट्राइक झोनमध्ये टाकतो आणि समोरून आलेल्या प्रत्येक बॉलवर बॅट फिरवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे वॉक गायब होतात. आपल्या पिचरांचा 'कंट्रोल' एक घर खाली घ्या. संगणकाची 'स्ट्राइक फ्रीक्वेन्सी' एक-दोन घरं खाली. बॅटिंगमधली घाई मात्र कुठलाच स्लायडर बरी करत नाही. पहिला पिच सोडायची सवय आपली आपणच लावायची.

दुसरी तफावत समोरच्या पिचरांची. संगणक सुरुवातीच्या पिचरला फार लांबवतो असं वाटलं तर 'मॅनेजर हूक' (पिचर किती लवकर बदलायचा ते) वर घ्या, 'स्टार्टर स्टॅमिना' खाली. आजच्या बेसबॉलमध्ये सातवी इनिंग पाहणारा स्टार्टर विरळा. टँपा बे रेजनी तर २०१८च्या मे महिन्यात सर्जिओ रोमो या रिलीव्हरलाच (एरवी नंतर येणाऱ्या पिचरलाच) सामना सुरू करायला पाठवून 'ओपनर' रूढ केला. समोरचा बुलपेन लवकर आला की तुम्हालाही बेंच वापरावा लागतो आणि सातव्या-आठव्या इनिंगला डावपेच सुरू होतात.

दुखापतींचा स्लायडर वाढवा, हे मी न विचारता सांगेन. संघाचा मुख्य शॉर्टस्टॉप सहा आठवडे बसला की क्लबच्या ४० जणांच्या यादीतला चाळिसावा माणूसही तुम्हाला नावानं माहीत होतो.

नियम दोन: एका वेळी एकच स्लायडर, एकच घर. आणि दहा सामने झाल्याशिवाय हात लावायचा नाही. एका सामन्यात ११ धावा खाल्ल्या म्हणून रात्री बारा वाजता स्लायडर उघडणाऱ्याचा सीझन कधीच स्थिर होत नाही.

तिसरी पायरी, विजयांची चाळणी. २००१ मध्ये सिॲटल मरिनर्सनी ११६ सामने जिंकले. १६२ सामन्यांच्या हंगामात याहून जास्त कुणीच जिंकलेले नाहीत. तरीही ते ४६ हरले आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलेच नाहीत. तळाला ते व्हाइट सॉक्स, १२१ हरूनही ४१ जिंकलेले. सगळं बेसबॉल या ४१ आणि ११६च्या मधे राहतं. तुम्ही खेळलेल्या सामन्यांत दहापैकी आठ जिंकत असाल तर तो बेसबॉलचा खेळ राहिला नाही. डिफिकल्टी एक पायरी वर. दहापैकी पाच-सहा जिंकताय तर काहीही बदलू नका.

ट्रेड: सगळ्यात मोठी पळवाट इथे आहे

कुठल्याही स्पोर्ट्स गेममध्ये संगणकाला ट्रेडमध्ये गुंडाळता येतं. तीन बरे खेळाडू देऊन एक तारा घ्यायचा, किंवा ओव्हरऑल (आजचं रेटिंग) कमी पण पोटेन्शियल (पुढे किती सुधारेल ते) 'ए' असलेला पोरगा तिशीतल्या माणसाच्या बदल्यात उचलायचा. दहा मिनिटांत संघ बदलतो आणि दहा दिवसांत रस जातो. आता बेसबॉलमध्ये ट्रेड हवेतच, तेव्हा बंदी घालू नका, पण चौकट घाला.

माझी चौकट अशी आहे. वर्षाला मोठे ट्रेड दोनच, एक हिवाळ्यात आणि एक जुलैमध्ये. तीनाला एक असा सौदा तेव्हाच, जेव्हा समोरच्या संघाला खरोखर तीन जागा भरायच्या आहेत. आणि कारण नसेल तर ट्रेड नाही: समोरचा संघ शर्यतीत असेल तर तो आजचा खेळाडू विकणार नाही; शर्यतीबाहेर असेल तर तिशीतला माणूस विकत घेणार नाही. प्रस्ताव पाठवण्याआधी त्या संघाचा डेप्थ चार्ट (कोणत्या जागेवर कोण-कोण आहे) उघडा आणि त्यांच्या बाजूनं विचारा, 'मी हे का स्वीकारीन?' उत्तर सापडलं नाही तर संगणक 'हो' म्हणत असला तरी सौदा रद्द.

आणखी एक, सगळ्यात कठीण: नकार आला की त्याच खेळाडूसाठी त्या महिन्यात पुन्हा विचारायचं नाही. प्रस्तावात एकेक नाव घालत-काढत संगणकाची नेमकी किंमत शोधून काढणं म्हणजे वाटाघाट नव्हे, कुलूप फोडणं आहे.

पोटेन्शियलचं अक्षर पडद्यावर दिसतं, ते पुसता येत नाही. पण निर्णय आकडेवारीवरून घ्यायचा असं ठरवता येतं: डबल-ए मध्ये (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या लीगमध्ये) वॉक किती, स्ट्राइकआऊट किती, वय काय. 'आऊट ऑफ द पार्क'मध्ये तर रेटिंग लपवून निव्वळ आकड्यांवर संघ चालवता येतो. एकदा तसं खेळून बघा. स्काउटवर ओरडावंसं वाटायला लागेल.

मुद्दाम हरून वरचा ड्राफ्ट पिक मिळवण्याचीही बंदी ठेवा. ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी २०१३ मध्ये १११ सामने हरून २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली, ती वाट गेममध्ये फारच सोपी पडते. खऱ्या लीगनं २०२३च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागांसाठी लॉटरी आणली. गंमत म्हणजे ती पहिली लॉटरी पायरेट्सनाच लागली आणि त्यांनी स्कीन्स घेतला.

मालक हवाच, नसेल तर फासे घ्या

गेममधला मालक बजेट देतो, पण त्याचा स्वभाव नसतो. स्वभाव आपण द्यायचा. घरात सापशिडीचे दोन फासे असतीलच. दर नोव्हेंबरमध्ये एकदा टाका. २ ते ४ आलं तर एकूण पगारातून दहा टक्के कपात, कुणालाही विका पण करा. ५ ते ९ आलं तर आहे तेच बजेट. १० ते १२ आलं तर दहा टक्के वाढ. छत्तीसपैकी सहा वेळा कपात, सहा वेळा वाढ, चोवीस वेळा काहीच नाही. कंजूष मालकासाठी हे प्रमाण ठीक आहे. श्रीमंत क्लब घेतला असेल तर वाढीची हद्द आठपासून धरा.

हेच फासे मोठ्या प्रसंगांनाही वापरा. स्कीन्सला दीर्घ करार द्यायचा का? पायरेट्सचा मालक हो म्हणेल अशी शक्यता मी छत्तीसात एक ठेवतो: दोन्ही फाशांवर सहा. दर हिवाळ्यात एकच संधी. चार-पाच हिवाळे मिळतात, आणि प्रत्येक वेळी फासे हातात घेताना जे वाटतं ते कुठल्याही डिफिकल्टीतून मिळत नाही.

याच्या जोडीला अर्थातच: सेव्ह मागे घ्यायचा नाही. ऑटोसेव्ह चालू ठेवा. फाइल बिघडू नये म्हणून महिन्याला एक वेगळी प्रत ठेवा, पण ती उघडायची फक्त फाइल बिघडली तरच.

वर्षाचं चक्र

एप्रिल-मे मध्ये काहीही करू नका. ४० सामने झाल्याशिवाय कुणाला खाली पाठवायचं नाही, हा नियम पाळला की .१८० वर अडकलेल्या बॅटरसोबत तुम्हीही घाम गाळता.

जून-जुलै हा निर्णयाचा काळ. शर्यतीत आहोत का नाही हे १५ जुलैला एकदाच ठरवा आणि वहीत लिहा: विकणार की घेणार. नंतर मन बदलायचं नाही. सप्टेंबरला रोस्टर २६ वरून २८ होतं. ते दोघे खालच्या लीगमधले तरुण घ्या, जुनेजाणते नाहीत.

खरी गंमत नोव्हेंबरमध्ये आहे आणि बरेच जण नेमकी तीच सिम करून टाकतात. ४० जणांच्या यादीत कुणाला वाचवायचं? काही वर्षं झालेला तरुण यादीत घेतला नाही तर 'रूल ५' ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला उचलू शकतो. अट एवढीच की त्यानं त्याला अख्खा पुढचा सीझन मेजर लीगच्या संघात ठेवायचं, नाहीतर परत देऊ करायचं. हा नियम किरकोळ वाटतो, पण १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी उघडा ठेवलेला एक पोर्तो रिकन पोरगा पायरेट्सनी असाच उचलला. तो क्लेमेंटे. तुमच्या आवृत्तीत हा भाग ढिला वाटला तर नियम स्वतः पाळा: दर हिवाळ्यात एक उपेक्षित तरुण घ्या, त्याला २६ जणांत वर्षभर जागा द्या, कितीही वाईट खेळो.

खोटी नावं येतात तेव्हा

तिसऱ्या-चौथ्या सीझनला फ्रँचायझी का मरते याचं एक साधं कारण आहे. ओळखीचे खेळाडू म्हातारे होतात आणि ड्राफ्टमधून गेमनंच बनवलेली नावं येतात. त्यांच्याशी आपलं काही नातं नसतं.

नातं लावावं लागतं, आणि ते खालच्या लीगमध्ये लागतं. दर ड्राफ्टमधून तीनच खेळाडू 'आपले' म्हणून निवडा, जास्त नकोत. एक वरच्या फेरीतला, एक मधल्या, एक अगदी शेवटचा. त्या तिघांना ट्रेड करायची परवानगी नाही. ते डबल-एला पोचले की वर्षातून एक सामना तिथे जाऊन खेळा. पायरेट्सचा डबल-ए संघ अल्टुना कर्व्ह. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या रेल्वेच्या प्रसिद्ध घोड्याच्या नालेसारख्या वळणावरून ते नाव पडलं. त्याच्या वरच्या पायरीवर इंडियानापोलिसचा संघ. त्या रिकाम्या वाटणाऱ्या मैदानात तुमचा १४व्या फेरीतला सेकंड बेसमन डबल मारतो, आणि तीन वर्षांनी तोच पीएनसी पार्कवर उभा राहतो तेव्हा त्याचं नाव गेमनं बनवलंय हे तुम्ही विसरलेले असता.

चेहरे आणि नावं संपादित करता येतात, त्याचाही उपयोग करा. इथे पायरेट्सचा आपल्याशी एक खरा धागा आहे. २००८ मध्ये भारतात झालेल्या पिचिंग स्पर्धेतून पुढे आलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही भालाफेकपटू, बेसबॉल कधी न खेळलेले, याच क्लबनं करारबद्ध केले. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे ते पहिले भारतीय. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. म्हणून माझ्या प्रत्येक पायरेट्स फ्रँचायझीत शेवटच्या फेरीतल्या एका डावखुऱ्या पिचरचं गाव मी मनातल्या मनात सातारा करून टाकतो. रेटिंग वाढवत नाही. तो बहुधा सिंगल-एमध्येच अडकतो, पण बॉक्स स्कोअर पहिला त्याचाच उघडला जातो.

वही

जाड वही, किंवा फोनवरच्या नोट्स. प्रत्येक मालिकेनंतर तीन ओळी, बस्स. काय झालं, कोण चमकलं, काय खुपलं. आकडे गेम ठेवतोच. वहीत ते लिहा जे गेम ठेवत नाही. 'सातव्या इनिंगला स्कीन्सला काढलं, बुलपेननं घालवला, परत असं नाही.' डिसेंबरमध्ये ती पानं चाळून वर्षाचा वृत्तान्त एका पानात लिहा, शीर्षकासकट, क्रीडा पानावरच्या बातमीसारखा. ज्यांना हे पोरकट वाटतं त्यांना फ्रँचायझी मोड फार काळ आवडणार नाही, हे आताच सांगतो.

क्लबच्या परंपराही वहीतच जपा. २१ नंबर कुणालाही नाही. निवृत्त होणाऱ्यांपैकी कुणाचा नंबर टांगायचा याचे निकष आधी ठरवा. माझे आहेत याच क्लबकडून दहा सीझन आणि प्लेऑफमध्ये एक तरी लक्षात राहील असा सामना. एवढ्या अटींत फार कमी जण बसतात आणि म्हणूनच बसतो त्याचं कौतुक वाटतं.

भारतात बसून पायरेट्सचा खरा सामना बघायचा म्हणजे पिट्सबर्गची संध्याकाळची ६:४०ची वेळ आपल्याकडे पहाटे ४:१०ला येते. तेव्हा रोज खरा सामना बघणं शक्य नाही, पण सकाळी चहाबरोबर त्याचा निकाल वाचणं जमतं. खरा सीझन आणि तुमचा सीझन शेजारी शेजारी चालू द्या. खऱ्या संघानं कुणाला विकलं, तुम्ही त्याला का ठेवलं, हेही वहीत येऊ द्या. अमेरिकेत राहणाऱ्यांना ही अडचण नाही. त्यांनी वर्षातून एकदा तरी मैदानावर जाऊन यावं, त्यानंतर गेममधलं तेच मैदान निराळं दिसतं.

नोकरी जाऊ द्या

शेवटची तरतूद पहिल्याच दिवशी करून ठेवा. स्वतःला पाच वर्षांचा करार द्या आणि मालकाच्या तीन अपेक्षा लिहा: तिसऱ्या वर्षी जिंकण्या-हरण्याची नोंद बरोबरीच्या वर, पाच वर्षांत दोनदा प्लेऑफ, बजेट एकदाही ओलांडायचं नाही. २०१५ नंतर २०२५ पर्यंत एकदाही प्लेऑफ न पाहिलेल्या क्लबसाठी दोनदा म्हणजे पुष्कळ झालं. तीनपैकी दोन पूर्ण केल्या तर नवा करार. एकच केली तर फासे टाका, सातच्या वर आलं तरच वाचलात. एकही नाही, तर बडतर्फ.

बडतर्फ झालात म्हणून सेव्ह पुसू नका. तीसही संघांचा ताबा घेता येतो, ती सोय इथे वापरायची: पिट्सबर्ग संगणकाच्या हवाली करा आणि त्याच जगात, त्याच वर्षी, तक्त्याच्या तळातल्या तीन संघांपैकी एकाची नोकरी फाशांनी निवडा. पहिले दोन हिवाळे जुन्या क्लबशी एकही ट्रेड करायचा नाही.